भुलाबाईचा डबा, कापसाचं बोंड आणि आमचा चौथीचा वर्ग

भाद्रपद पौर्णिमेला आमच्या खान्देशात भुलाबाई बसल्या (हा पोरींचा सण) की कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीत गाणी आणि टिपऱ्या, आणि गाणी आटोपली की खरी मजा म्हणजे खाऊ ओळखणं, बंद डबा हलवायचा आणि आत काय ते सांगायचं. हा डबा मी वर्गात आणते. पूजा वगैरे काही नाही, फक्त खेळ, त्यामुळे ज्यांच्या घरी भुलाबाई बसत नाही ती लेकरंही खेळतात आणि पोरांनाही डबा मिळतो (एरवी त्यांना कोण हात लावू देतंय!).

शेंगदाण्याचा आवाज वेगळा, मुरमुऱ्यांचा वेगळा, लाडू असला की नुसता धप्प. ज्याला दिसत नाही तो यात हमखास पुढे असतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याने डब्यावर तळहात ठेवायचा, हादरा कळतो, वजन कळतं, झाकण जरासं उघडून वास घेता येतो. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, गोड शे का, शेतात पिकतं का, दाताने फोडावं लागतं का, आणि जी पोरगी वर्षभर तोंड उघडत नाही तिलाच डब्याची मालकीण करायचं कारण तिला फक्त मान हलवायची असते. प्रश्न अहिराणीत आला, पावरीत (पावरा आदिवासींच्या बोलीत) आला तरी चालतो, ज्याला समजला तो बाकीच्यांना सांगतो. एकच पथ्य, खाऊ घरून मागवायचा नाही. कोणाचे काजू आणि कोणाचे फुटाणे हे लेकरांना लगेच दिसतं. डबा आपण भरायचा, आणि शेंगदाण्याचा कोणाला त्रास होतो का तेवढं आधी विचारून घ्यायचं.

हे सांगायचं कारण म्हणजे ऋतूंवरचे उपक्रम म्हटलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चार्ट येतात त्यात हिवाळा म्हणजे स्नोमॅन असतो. अरे आमचा हिवाळा म्हणजे शेतात भरताची पार्टी आणि कपाशीची वेचणी! आणि दिव्यांग मुलांसाठी त्याच चार्टखाली एक वेगळं रंगकाम दिलेलं असतं, म्हणजे सगळे खेळणार आणि हा कोपऱ्यात रंग भरणार. मला ते पटत नाही. काम एकच ठेवायचं, त्यात शिरायच्या वाटा जास्त ठेवायच्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यातले कितीतरी वरून दिसतही नाहीत, मग सर्टिफिकेट येईपर्यंत थांबायचं कशाला.

दिवाळीच्या आगेमागे फुटलेली बोंडं आणा, आमच्याकडे शेजारच्या शेतातून फुकट मिळतात. बोंडाच्या वाळलेल्या सालीची टोकं टोचतात, रुई मऊ, सरकी टणक, त्यामुळे पिशवीत हात घालून ओळखायला झकास. मग बोटांनी सरकी वेगळी करायला लावा. पेन्सिल धरताना ज्यांची बोटं लवकर थकतात त्यांना हा चांगला व्यायाम आहे, आणि वर्गातला गोंगाट ज्याला सहन होत नाही असं लेकरू शांतपणे हे काम बराच वेळ करत बसतं. शेवटी तराजू. कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई आणि बाकी बहुतेक सरकी निघते, म्हणजे अपूर्णांक हातात आला की. फळ्यावर भाकरीचे तुकडे काढायची गरजच पडली नाही.

डिसेंबरात सावली मोजा. आपण जवळपास २१ अक्षांशावर आहोत, त्यामुळे २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच पडते, आणि २१ मार्चला एक मीटरच्या काठीची सावली साधारण ३८ सेंटीमीटरच भरते. काठीच्या बुडापासून सावलीच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली की न बघता हातानेही मोजता येते, दोन्ही वेळच्या सुतळ्या जपून ठेवा आणि शेजारी शेजारी टांगा. उन्हाळ्यात मात्र सकाळची शाळा, माठातलं पाणी, कडुलिंबाची सावली, बस्स.

होळीला एक विनंती, सातपुड्यातल्या होळीच्या नावाने वर्गातल्या पोरांना पिसं लावून आदिवासी फॅन्सी ड्रेस करू नका. भिल्ल, पावरा लेकरं वर्गात बसलेली असतात हो. त्यापेक्षा त्यांच्या घरच्या एखाद्या काकांना ढोल घेऊन बोलवा, ताल मोजायला शिकवतील, नाचायचं कोणी नाचेल, खुर्चीवर बसून ठेका धरायचा कोणी धरेल.

आणि ऊसतोडीची लेकरं. दिवाळीनंतर आईबापासोबत जातात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, म्हणजे वरचे अर्धे उपक्रम झाले तेव्हा ती वर्गात नव्हतीच. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि लेकरू तिथे राहिलं तर उत्तम, नाहीतर जाताना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे लेकराची शाळेतली माहिती लिहिलेलं कार्ड, द्यायचंच, ज्या शाळेत जाईल तिथे दाखवता येतं. मी त्यासोबत एक सुतळीचा तुकडा आणि पट्टी पण देते, तिकडची सावली मोजून आण म्हणून. काही मोजतात, काही विसरतात, चालायचंच. परत आली की पहिल्याच दिवशी मागच्या धड्याची उजळणी काढू नका. एका मोळीत किती ऊस बसतात, गाडीत किती मोळ्या जातात ते त्यांना फळ्याजवळ उभं करून विचारा आणि गुणाकार तिथूनच सुरू करा, त्या तासाला वर्गात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, मलापण नाही.