दोरीपाशी उभ्या बायका

अटलांटात एका क्लिनिकमध्ये बाळंतिणींच्या इन्शुरन्सची कागदपत्रं बघायचं माझं काम. 2020 च्या फेब्रुवारीत मॅनेजर म्हणाली, उद्या क्लिनिकला येऊ नकोस, कॅपिटलला, म्हणजे जॉर्जिया राज्याच्या विधानभवनात जा, ब्लॅक बायकांचा एक गट आमदारांना भेटायला चाललाय, त्यांना मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) नियम तोंडपाठ असलेलं कुणीतरी हवंय.

मला वाटलं मोर्चा असेल, घोषणा वगैरे. कसलं काय! सकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये आधी दोन तास शिकवणी. शिकवणारी सत्तरीची रिटायर्ड नर्स, डेल्टा सिग्मा थीटा या ब्लॅक बायकांच्या सोरोरिटीची (कॉलेजात सुरू झालेल्या भगिनी-संघटनेची) मेंबर, अंगात लालभडक कोट. (ही संघटना 1913 ची, स्थापना झाल्यावर दोन महिन्यांच्या आत या पोरी वॉशिंग्टनमधल्या बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या होत्या.) ती सगळ्यांना बजावत होती, रडायचं नाही, भांडायचं नाही, मागणी एकच, बाळंतपणानंतर मेडिकेड 60 दिवसांत बंद होतं ते वर्षभर चालू ठेवा.

त्या 60 दिवसांचा घोळ मी रोज बघायचे. बाळंतपणात बीपी वाढलेली बाई, गोळ्या चालू, आणि दोन महिने झाले की कार्ड बंद. तिकडे गरोदरपणा-बाळंतपणातल्या कारणांनी ब्लॅक बायका गोऱ्या बायकांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात दगावतात, आणि त्यातले बरेच मृत्यू घरी गेल्यावरच होतात.

कॅपिटलच्या तिसऱ्या मजल्यावर सभागृहाबाहेर दोरी बांधलेली असते. आपण चिठ्ठीवर आमदाराचं नाव लिहायचं, मदतीला असलेली शाळकरी मुलं ती आत नेतात आणि आमदाराला वाटलं तर तो बाहेर येतो. मंत्रालयाच्या गेटवर पाससाठी ताटकळलेल्या मला तर हे फारच भारी वाटलं. पण खरी गंमत त्या बायकांची होती, प्रत्येकीने फक्त आपल्याच मतदारसंघातल्या माणसाला चिठ्ठी पाठवायची, कारण दुसऱ्याच्या मतदारांशी कोण कशाला बोलेल. एक गोरा आमदार आला, घाईत, घड्याळाकडे बघत. समोर पंचविशीची पोरगी, कडेवर बाळ. ती शांतपणे म्हणाली, सर मी तुमच्याच भागात राहते, माझ्या गोळ्या मार्चमध्ये बंद होणारेत. त्याने पैसे कुठून आणायचे विचारलं तर लाल कोटवालीने मला पुढे ढकललं, आणि केंद्र किती देतं, राज्याला किती पडतं ते मी सांगितलं, आवाज जरा कापतच होता. मग त्याने स्वतःहून कागद मागून घेतला.

त्या वर्षी 60 दिवसांचे सहाच महिने झाले. मला बरं वाटलं, त्यांना नाही, त्या परत परत जातच राहिल्या. 2022 ला वर्षभराच्या बिलावर गव्हर्नरची सही झाली तेव्हा मी उत्साहात लाल कोटवालीला फोन केला. ती म्हणाली, छान, आता डूलांचे, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या मदतनीस बायकांचे, पैसे मेडिकेडमधून मिळायला हवेत, पुढच्या सेशनला एक दिवस रजा टाकून ठेव.