स्टिअरिंग हातात राहीना

आज हायवेवर पिकअप 90 ला होती, पुलाच्या जॉइंटवर चाक आपटलं आणि पुढचा सगळा भाग असा थडथडायला लागला की वाटलं चाकच निखळलं! जोरात ब्रेक मारायचा मोह आवरला, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरलं, वेग बराच उतरला तेव्हा कुठे थांबलं. पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) असलेल्या गाड्यांना हे होतं, डेथ वॉबल म्हणतात, नावातच घाम फुटतो. मागे थोडं हललं तेव्हा मी नुसता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉकॲब्सॉर्बर) बदलून गप्प बसलेलो (माझाच शहाणपणा), त्याने दुखणं फक्त झाकलं गेलं. आज एकाला स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायला लावून खाली वाकून बघितलं तर ट्रॅक बारचा (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) रबरी बुश पार गेलेला, बोल्टचं भोकही लांबट झालेलं. हात अजून थरथरतायत.