टप नसलेली गाडी

कोकणात घर म्हणजे आधी छप्पर, भिंती मागाहून. वैशाख अर्धा सरला की गावात एकच विषय, कौलं परतून झाली का? फुटकी निवडायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, वाशांना काळं ऑइल पाजायचं, पडवीला झडी बांधायची. वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत उरकायचा असतो, त्यामुळे तो कोणाची सोय बघत नाही. अशा मुलखात राहून मी पैसे मोजून बिनछपराची गाडी घेतली, हे आधीच कबूल करून टाकतो.

गाडी खळ्यात आणून उभी केली तेव्हा काकी तुळशीपाशी होती. तिने दोन प्रदक्षिणा तुळशीला घातल्या आणि तिसरी गाडीला.

"टप खय?"

"नाय."

"पडलो?"

"नाय गे, काढलेलो आसा."

"मगे टपाचे पैसे कमी केल्यान काय?"

यावर मी गप्प बसलो. टप निघतो म्हणून मी उलट चार पैसे जास्तच दिले होते. किती, ते इथे लिहीत नाही. घरात वाचतात.

हौस जुनी आहे. लालबागला चाळीत राहत होतो तेव्हा शाळेच्या वाटेवर एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेरल्ड उभी असायची, पिस्त्याच्या रंगाची. दिव्यांवर पत्र्याच्या जरा उचललेल्या भुवया, त्यामुळे ती गाडी कायम 'असं होय?' म्हणत असल्यासारखी दिसे. पुढे बँकेत चिकटलो, कर्जं काढली, फेडली, मुलांची लग्नं केली, आणि निवृत्त होऊन मालवण तालुक्यातल्या गावच्या घरी येऊन राहिलो. चाकरमानी गावाला परतला की पहिल्या वर्षी आंब्याची कलमं लावतो, दुसऱ्या वर्षी भाऊबंदांशी वाद घालतो. तिसऱ्या वर्षाला काहीतरी उद्योग हवा होता.

डोक्यात होती उघडी स्पोर्ट्स कार. पहिल्यांदा मनात आली ती सॅन स्टॉर्म. शेजारच्या गोव्यातच १९९८ च्या सुमारास निघालेली दोन माणसांची गाडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि अंग सगळं फायबरग्लासचं. आमच्या खाऱ्या वाऱ्यात पत्राच नसलेली गाडी म्हणजे चैनच. पण मुळात त्या गाड्या थोड्या, आणि ज्याच्याकडे आहे तो सोडायला तयार नाही. दोन ठिकाणी फोन केले, दोन्ही ठिकाणी माझीच उलटतपासणी झाली. मग सावंतवाडीच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीलगत एकाकडे हेरल्ड आहे असं कळलं. आणि काय, तिचा टप निघतो.

ही टप निघण्याची कथा मोठी गमतीची आहे. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडात १९५९ साली आली. रूप दिलं जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. त्या काळी बाकीचे लोक एकसंध सांगाड्याच्या गाड्या करायला लागले होते, पण हेरल्डवाल्यांना अंग ओतून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने आधीच विकत घेऊन टाकलेला. मग त्यांनी खाली वेगळी चासी ठेवली, गाडीचं अंग तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या ठिकाणी करून घेतलं आणि सगळं बोल्टांनी एकत्र आवळलं. आमच्याकडे गणपतीची माटवी बांधतात तशी. त्यामुळे बोल्ट सोडले की छप्पर अलगद हातात येतं. १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात आपल्याकडची स्टँडर्ड हेरल्ड व्हायला लागली, ती याच घराण्यातली. पुढे आपल्याकडे चार दरवाज्यांची निघाली, पण टप काढायचा तर दोन दरवाज्यांचीच हवी.

आता ही स्पोर्ट्स कार आहे का? मी लोकांना सांगतो, हिची चासी ट्रायम्फच्याच स्पिटफायर या उघड्या स्पोर्ट्स कारची. खरा प्रकार उलटा आहे. १९६२ ची स्पिटफायर हेरल्डचीच चासी आखूड करून उभी केली. म्हणजे पोरगी सिनेमात गेली आणि आई गावात राहिली, माझ्याकडे आहे ती आई. इंजिन ९४८ सीसी. घोडे किती ते विचारू नये, आहेत तेवढे चांगले राबतात.

गाडी बघायला मी आमच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. मालकाने गाडी धुऊन, पुसून, आंब्याच्या सावलीत उभी केली होती. मी तिथेच विरघळलो. मिस्त्रीने मात्र खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक गोल लोहचुंबक काढलं, जुन्या स्पीकरमधलं. डॉक्टर पाठीवर नळी लावत जातात तसा तो दारांच्या खालच्या कडेने ते टेकवत गेला. टक्, टक्, टक्. डाव्या दाराच्या खाली चुंबक टेकवलं आणि ते मुकाट घसरून गवतात पडलं. त्याने उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा गवतात.

"हंयसर पत्रो नाय," मिस्त्री म्हणाला. "लांबी आसा."

मालक मोठ्या रसाने आंब्याच्या मोहोराकडे बघायला लागला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला, त्यावर लांबी भरून, घासून, वर रंग. दाबल्यावर बिस्किटासारखा आवाज. त्या वीतभर जागेने किंमत बरीच खाली आली. मग मिस्त्रीने दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडल्या आणि बॉनेट उचललं. हेरल्डचं बॉनेट म्हणजे झाकण नव्हे. मडगार्ड, दिवे, भुवया, सगळं नाक एकदम पुढे उलटतं, मगरीने आ करावा तसं. आतलं सगळं संसारासकट उघड्यावर. मिस्त्री पुढच्या टायरवर दुकान मांडल्यासारखा बसला आणि मला म्हणाला, चाळीस वर्षं वाकून वाकून कंबर गेली, ही गाडी करणारा पहिला माणूस ज्याने मिस्त्रीला खुर्ची दिली. पुढच्या चाकापाशी ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते पितळेचे सांधे, असतात त्यांच्याकडे बोट दाखवून त्याने एकच ताकीद दिली, "हेका ग्रीस नको, त्याल व्हया." अनेकजण तिथे ग्रीस भरतात, मग ते सुकतं, आणि एक दिवस चाक गुडघ्यात मोडतं. तेव्हापासून मी दर महिन्याला तेल घालतो. देवाच्या समईला बायको घालते, चाकाला मी.

आता वापराचं. निवृत्त माणसाला सगळेच वार रविवार, पण गाडी मी फक्त रविवारीच काढतो. कारण साधं आहे. आठवडाभर चिऱ्यांचे आणि वाळूचे डंपर धावतात. उघड्या गाडीत डंपरमागे अर्धा किलोमीटर गेलात की नाकात, कानात, भुवयांत तांबडी धूळ, आणि शिमगा नसताना तुम्ही शिमग्याहून आलेले. पहिल्या आठवड्यात मी असाच पोस्टात गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग तिकीट.

शिवाय उघडण्याजोगे दिवस तरी किती? जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात ऊन डोक्यावर पाटा-वरवंटा फिरवतं. मार्चपासून दहानंतर सीटवर पोळी भाजता येते. राहिले कार्तिक ते माघ, त्यातल्या सकाळी. मी एकदा पंचांग घेऊन हिशेब केला आणि बायकोला दाखवला नाही.

पण त्या सकाळी! सूर्य वर यायच्या आधी निघायचं, मालवणातून कोळंबच्या पुलावरून आचऱ्याकडे आणि जमलं तर पुढे कुणकेश्वरपर्यंत. बंद गाडीतून हा रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन, आणि काचेतून मला तो फक्त दिसला होता. टप काढल्यावर कळलं की रस्त्याला तापमान असतं. सड्यावर हवा कोमट, उताराला लागून वहाळाशी आलं की गुडघ्यापासून वर गार पाणी चढावं तशी थंडी, मोरी ओलांडली की पुन्हा कोमट. वासांचंही तसंच. आधी कोणाच्या तरी चुलीचा पातेऱ्याचा धूर, मग सुकत घातलेले बांगडे, पुढे मोहोर, आणि फेब्रुवारी संपत आला की काजूच्या बोंडूंचा तो आंबूस गोड दर्प, ज्याचं शहरातून आलेल्या पाहुण्यांना काय करावं कळत नाही. डोळे मिटले तरी कुठल्या वाडीत आहोत ते सांगता येईल. मिटत नाही, कारण मागचा स्प्रिंगचा पाटा आडवा आहे आणि चाकं झुलत्या अॅक्सलवर. वळणावर जोरात शिरून मध्येच पाय काढला तर मागचं चाक पोटाखाली ओढायची तिला खोड आहे. चाळीसच्या वर मी जात नाही. वळते मात्र रिक्षासारखी, पंचवीस फुटांत पुरी फिरते. आमच्या पाणंदीत समोरून बैल आला तर बैलाला मागे फिरायला लावत नाही, एवढी.

दुसरी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. टप नसला की गाडीत माणूस एकटा राहत नाही. बंद गाडी म्हणजे माजघर, ही म्हणजे पडवी. थांबलं की जो येतो तो दारावर कोपर टेकून बोलायलाच लागतो. एसटी शेजारी येऊन उभी राहिली की अख्ख्या डाव्या बाजूच्या खिडक्यांना माझ्या मांडीवरची पिशवी दिसते. एकदा आचऱ्याच्या तिठ्यावर वरून आवाज आला, "सुरमय काय भावान गावली?" मी भाव सांगितला. तीन खिडक्यांतून एकमताने निकाल लागला की मला फसवलंय. एकदा देवळातून बाहेर येऊन बघतो तर मागच्या सीटवर भलामोठा फणस. आजूबाजूला कोणी नाही. आठ दिवस विचारलं, कोणी ठेवला ते आजवर कळलं नाही. बंद गाडीत कोण फणस ठेवणार?

फणस ठेवला तर ठीक. नारळाचं तसं नाही. उघडी गाडी घेतल्यापासून मी मान वर करून पार्किंग करायला शिकलो. मालवणात सावली म्हणजे माड, आणि माडाखाली गाडी लावणं म्हणजे नशिबाला आमंत्रण. त्यामुळे सगळे सावलीत, मी एकटा उन्हात, आणि सीटवर ओला पंचा.

मिरग जवळ आला की गाडी मांगरात जाते. किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून त्यांच्यावर झाप घालतात, साधारण त्याच दिवसांत. बॅटरी काढायची, गाडी चार चिऱ्यांवर उचलून ठेवायची म्हणजे टायर एका जागी चेपत नाहीत, आणि उंदरांसाठी मांजर. पेट्रोलचं प्रकरण नवीन आहे. हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. मिस्त्रीने सगळ्या नळ्या बदलून टाकल्या, आणि पावसाआधी टाकी रिकामी करायचा नियम घातला. वर ताडपत्री घट्ट बांधली तर आत घाम सुटतो, म्हणून जुनी सुती चादर. एवढं केल्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन येताना मी मांगरात डोकावतो. होड्या सुटतात. माझी आणखी दोन महिने बांधलेलीच.

राहता राहिला तो टप. मूळचा, शाबूत, तोही मांगरात. तो लागतो पाच वर्षांतून एकदा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी नेऊन दाखवावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी निघाली आहे, वीस हजार भरले की 'व्हीए' अक्षरांची ऐटबाज पाटी मिळते. पण ती गाडी मूळ रूपातच हवी, आणि रोजच्या फिरण्याला मनाई. सुरमई आणायला विंटेज रॅली म्हणता येत नाही. म्हणून आपली साधी नोंदणी. कागदावर लिहिलंय 'सलून', म्हणजे टप असलेली बंद गाडी, त्यामुळे दाखवताना डोक्यावर टप हवा. टप काढणं म्हणजे गाडीत बदल का, असं मी मिस्त्रीला विचारलं होतं. तो म्हणाला, "काच खाली केल्यार बदल जाता काय?" वकिलापेक्षा हे बरं वाटलं, पण तारखेला मात्र टप चढवायचाच असं ठरलं.

गेल्या फाल्गुनात ती तारीख आली. आदल्या दिवशी मिस्त्री पाने घेऊन हजर. आम्ही दोघे मांगरात शिरलो. टप कोपऱ्यात पेंढ्यावर उलटा ठेवलेला, मोठ्या परातीसारखा. आणि परातीत, बरोबर मधोमध, काकीची तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. मिस्त्रीने हात पुढे केला. कोंबडीने तो फोडला.

काकीला हाक मारली. ती आली, पदराला हात पुसत आत वाकून बघितलं आणि खुश झाली. कौलं, माडाच्या झावळ्या, सूप, सगळं सोडून बाईने जागा निवडली ती मिकेलोत्तीची.

"किती झाले बसान?" मी विचारलं.

"परवाच्या शनवारी बसली."

मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस लागतात. कचेरीत फोन करून पुढची तारीख मागितली. कारण विचारलं. गाडीचा टप वापरात आहे, असं सांगितलं.

बाहेर येईपर्यंत काकीने मिस्त्रीच्या हाताला हळद लावली होती.

"अकरा अंडी आसत," ती म्हणाली. "टप बरो आसा हो. गळना नाय."