जुनी बॅटरी परत आणण्याचं काम : आमची वाटचाल

वडिलांचं मिरजेत बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, ऊसवाहतुकीचे ट्रक हे मुख्य गिऱ्हाईक. पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आम्ही कुपवाड एमआयडीसीत गाळा घेऊन स्वतःच्या नावाने बॅटऱ्या बनवू लागलो. आज सांगली-कोल्हापूर भागात आमचे डीलर आहेत. पण मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो जुन्या बॅटऱ्या परत आणण्याच्या कामाचा.

शिसं कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं आणि बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त तेच असतं. त्यामुळे जुनी बॅटरी कुणी उकिरड्यावर टाकत नाही. प्रश्न असतो तो ती कुणाच्या हाती पडते याचा. परवानाधारक कारखान्याला धूर गाळायची यंत्रणा चालवावी लागते, ॲसिडवर प्रक्रिया करावी लागते. शेतात चोरून भट्टी लावणाऱ्याला यातलं काहीच नको, म्हणून तो चार पैसे जास्त देतो. कुऱ्हाडीने डबा फोडायचा, ॲसिड ओढ्यात सोडायचं, प्लेटा उघड्यावर वितळवायच्या. तो धूर आणि ती धूळ आसपासच्या पोरांच्या रक्तात जाते आणि शिशाने मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

विकलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१च्या नियमांपासून आहे. ऑगस्ट २०२२च्या नियमांनी लिथियमसह सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या त्यात आणल्या. आता उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्याकडून इतका जुना माल गाळल्याची प्रमाणपत्रं घेऊन जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाचा आपला वाटा पुरा करायचा. नियम चांगला आहे. पण नुसती प्रमाणपत्रं विकत घेऊन मोकळं होणं मला पटत नाही. प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ साली बनावट प्रमाणपत्रं सापडली होती. कारखान्याने किती शिसं काढलं हे त्याच्या वीजबिलाशी आणि आलेल्या मालाच्या पावत्यांशी ताडून पाहिलंच पाहिजे.

आमच्याकडे सगळी मदार डीलरच्या काउंटरवर आहे. पूर्वी भंगारवाला ॲसिडचं वजन कापून भाव करायचा, म्हणून डीलर आधीच ॲसिड ओतून द्यायचे. आम्ही किलोचा भाव बंद केला. बॅटरी किती अँपिअर-अवरची, म्हणजे किती वीज साठवणारी आहे त्यावर दर ठरतो आणि तो ॲसिड आत असेल तरच मिळतो. ओतून काही फायदाच उरला नाही. झाकणं घट्ट लावलेली, टर्मिनलवर चिकटपट्टी मारलेली बॅटरी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभी ठेवायची. नवा माल पोचवणारा टेम्पो एरवी रिकामाच परत यायचा, आता तोच जुन्या बॅटऱ्या घेऊन येतो. हिशेब सोपा झाल्यावर डीलर स्वतःहून फोन करू लागले.

लहान उत्पादकांनी हे एकट्याने करू नये. पोर्टल भरायला मोठ्या कंपनीकडे वेगळा विभाग असतो. आमच्याकडे जीएसटी पाहणाराच तेही पाहतो. म्हणून एमआयडीसीतल्या आम्ही काही जणांनी मिळून एक माणूस नेमला, आणि परवानाधारक कारखान्याला आता एकत्र गाडी भरून माल जातो. एकेकट्याला मिळत नव्हता तो भाव गाडीभर मालाला मिळतो, आणि तोच वाढीव पैसा डीलरला देऊन आम्ही चोरट्या भट्टीशी स्पर्धा करतो.

खरी काळजी पुढची आहे. शिशाची बॅटरी स्वतःच्या किमतीवर परत येते. इन्व्हर्टर आणि ई-रिक्षात येणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल असे महाग धातू नसतात, त्यामुळे भंगारात तिला भाव जेमतेम. ती माळ्यावर पडून राहील, नाहीतर कचऱ्यात जाऊन पेट घेईल. अशा बॅटरीच्या विक्रीच्या वेळीच अनामत घ्यावी आणि परत आणणाऱ्याच्या हातात ती ठेवावी, आणि हा नियम सगळ्या कंपन्यांना सारखा असावा. एकट्याने अनामत लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तरीही आमच्या लिथियम बॅटऱ्यांवर आम्ही ती सुरू केली आहे. पावतीवर रक्कम वेगळी छापतो आणि आमच्या कुठल्याही डीलरकडे बॅटरी दिली की ती रोख परत मिळते.