फल्लीचं दूध

पुण्याची बहीण फोनवर बदामाच्या दुधाचं कौतुक सांगते. बदामाचा भाव ऐकला की म्हैस पाळणं स्वस्त वाटतं! उन्हाळी भुईमुगाचं, आमच्याकडच्या भाषेत फल्लीचं, पोतं घरात उभं असताना बदामाच्या वाटेला जायचंच कशाला?

निमित्त ह्यांच्या पोटाचं. दुधातली लॅक्टोज नावाची साखर पचवणारं विकर वयाबरोबर पुष्कळांचं कमी होत जातं. ह्यांना ताक चालतं, पण कपभर दूध घेतलं की पोट गुडगुडलंच.

तर वाटीभर फल्लीदाणे रात्री भिजत घालायचे. त्याआधी परातीत पसरून नीट निवडायचे. काळपट, बुरशी धरलेला एकही दाणा नको. त्या बुरशीचं विष उकळूनही जात नाही. सकाळी दाणे टपोरे फुगतात. पाण्यात चोळले की गुलाबी सालं सुटून वर तरंगतात, ती ओंजळीनं काढून टाकायची. मग चार वाट्या पाणी घालून मिक्सर. (आमच्याकडे त्याचा मुहूर्त भारनियमन ठरवतं.) जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात घालून पिळलं की बोटांच्या फटींतून फेसाळ पांढरं दूध गंजात, म्हणजे पातेल्यात, उतरतं. कच्च्या दाण्याचा उग्र वास मात्र असतोच. तो जाईपर्यंत मंद आचेवर उकळायचं आणि सारखं ढवळत राहायचं, नाहीतर बुडाशी लागतं.

“म्हशीनं तुयं काय घोडं मारलं वं?” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दुधाकडे त्या अजून बघत नाहीत, पण फडक्यातल्या चोथ्यावर त्यांचा डोळा असतो. हिरवी मिरची, लसूण घालून तो तव्यावर परतला की ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं कालवण लागत नाही.

मला विचाराल तर ह्यात नवं काहीच नाही. एकादशीला भगरीवर आपण दाण्याची आमटी ओरपतो, ती तरी काय? जिरं-मिरची घातलेलं हेच दूध, फक्त न गाळलेलं. शिवाय आम्ही पडलो वर्धा जिल्ह्यातले. १९३६ साली इथं सेवाग्रामला राहायला आलेल्या गांधीजींनी १९१२ मध्येच दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात अंगात ताकद येईना, तेव्हा कस्तुरबांनी पळवाट दाखवली: व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं घ्यायला काय हरकत?

म्हणजे बापूंनाही शेळी लागलीच. फल्लीच्या दुधात प्रथिनं असतात, स्निग्धांश असतो, पण कॅल्शियम जनावराच्या दुधापुढे नावालाच. म्हणून पोरांचा पेला मी बदललेला नाही. ते म्हशीचंच पितात.

चहाचं मात्र अजून जमायचंय. पत्तीसोबत उकळलं तर हे दूध फाटल्यासारखं दिसतं, म्हणून कोरा चहा गाळून वरून गरम दूध ओतते. तरी तेलाचे बारीक ठिपके तरंगतातच आणि दाण्याची चव चहापत्तीवर कुरघोडी करते. हे मुकाट्यानं पितात. पाहुणे आले की त्यांच्यासाठी गंज वेगळा चढतो.