जिम्नीचा पॅनहार्ड रॉड, नोंद ३: माल ठरला

माझी जिम्नी गाडी ४० मिमी उंच केल्यावर (लिफ्ट) मागचा अॅक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, एका बाजूला गेल्याची शंका होती. काल ओळंबा सोडून मोजलं: ९ मिमी. अॅक्सलला आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला अॅक्सलला आणि दुसऱ्या टोकाला चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला असतो. त्याची लांबी ठरलेली, गाडी उचलली की त्याचा कोन वाढतो आणि अॅक्सल चासीकडच्या टोकाकडे ओढला जातो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बनवायचाच आहे. हा आठवडा फक्त माल ठरवण्यात गेला.

अॅल्युमिनियम लगेच बाद केलं. ६०६१-टी६ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणालाही तेवढंच. वेल्ड केलं की त्या पट्ट्यातली ताकद निम्म्याच्या आसपास येते. शिवाय मी दर पावसाळ्यात कोकणात उतरतो. अॅल्युमिनियममध्ये पोलादी आटे आणि वर खारी हवा म्हटल्यावर आटे जाम होणारच.

क्रोमोलीचा, म्हणजे ४१३० या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा, मोह मात्र सुटत नव्हता. ती कायमची वाकायला साध्या, कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलपेक्षा बराच जास्त भार लागतो, हे खरं. पण त्याआधी, सारख्याच भाराखाली, दोन्ही सारख्याच लवतात. ताठपणा येतो व्यासातून. भिंत ४ मिमीच ठेवून पाईप ३२ ऐवजी ३८ मिमीची घेतली, तर ताठपणा ७८ टक्के वाढतो आणि वजन २१ टक्के, मीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम. हे गणित कागदावर मांडलं आणि माइल्ड स्टीलची सीमलेस (बिनजोडाची) पाईप नक्की केली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टोकांच्या आटेवाल्या बुशांनी, म्हणजे पाईपच्या तोंडाला वेल्ड करायच्या, आतून आटे असलेल्या नळ्यांनी. लेथवाल्या काकांनी हाताशी होत्या त्या ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या बारमधून एक जोडी काढून ठेवली होती. काम सुबक, तरी मी ती परत केली. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. नीट तापवून न घेता वेल्ड केलं तर शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, तडा तिथूनच सुरू होतो. असा रॉड तुटला तर बहुतेक वेळा वेल्डच्या काठाला किंवा आट्यांपाशी तुटतो. हा भाग गाडीचा मागचा अॅक्सल जागेवर धरतो, इथे तडजोड नको. काकांना कारण पटलं, आता ते कमी कार्बनच्या बारमधून नवी जोडी काढताहेत.

आटे एम२० बाय १.५ (२० मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर), एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे रॉड न उतरवता लांबी जुळवता येईल. जुळवलेली लांबी हलू नये म्हणून दोन्हीकडे चेकनट. आटे किमान ३० मिमी आत राहतील. गाडीला जोडायच्या टोकांना रबरी बुशच. चिखलात रॉड एंड (धातूचे गोल सांधे) लवकर झिजून खडखडतात.

रविवारी वेल्डिंग.