टॉय लँग्वेजचं फ्रेमवर्क आणि 'वाऱ्या'तला र

माझे नऊ दिवस एका 'र'पायी गेले, ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

मला छोट्या छोट्या टॉय लँग्वेज, म्हणजे शिकण्यापुरत्या प्रोग्रामिंगच्या भाषा, करून बघायला एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, हवं होतं. टोकनायझर (मजकुराचे शब्द-आकडे असे तुकडे करणारा), पार्सर (तुकड्यांची रचना लावणारा), इव्हॅल्युएटर (ती रचना चालवून उत्तर काढणारा) सुटे ठेवायचे आणि एखादा नियम बदलला की नवी भाषा. म्हणजे फंक्शनला बाहेरचं व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) फंक्शन जिथे लिहिलंय तिथलं दिसावं की जिथून बोलावलं तिथलं, एवढं बदललं तरी तोच प्रोग्राम वेगळं उत्तर देतो, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. कीवर्ड, नावं सगळं मराठीत, कारण मालवणचा मावसभाऊ अकरावीत आहे, त्यालाही लिहायचं होतं. फ्रेमवर्क लिहायला पायथन ही भाषा घेतली. पार्सर संगणकशास्त्रज्ञ वॉन प्रॅट यांच्या १९७३ च्या पद्धतीने केला, दोन संध्याकाळीत झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं टोकनायझरमध्ये. '४२' लगेच चालला, पायथनच्या इंटला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) देवनागरी आकडे कळतात, म्हणून वाटलं झालंच. मग 'किंमत' दिलं तर फक्त 'क' उचलला! पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायची खुणांची भाषा) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर', काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यातलं काहीच धरत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ती 'मार्क' गटात आहेत. तो गट मी हाताने घातला आणि सुटलो.

मग भावाने फोनवरून टाइप करून फाइल पाठवली, त्यात 'वाऱ्याचा_वेग'. एरर आला, अनोळखी अक्षर, आणि अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीच नाही. रिकामं! मी घाईत ते अदृश्य अक्षरही चालेल असं करून टाकलं, आणि हीच चूक. आता नवीन एरर, 'वाऱ्याचा_वेग' हे नाव सापडलं नाही, आणि माझ्या फाइलमध्ये ते नाव ढळढळीत समोर. बाहेर जुलैचा पाऊस, लाईट जातेय येतेय, आणि मी इव्हॅल्युएटरमध्ये स्कोपची (कुठलं नाव कुठे दिसतं याची) चूक शोधत बसलो, सहा दिवस, सगळा एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे नावं आणि किमती साठवण्याचा, कोड दोनदा लिहिला. भावाला विचारलं तर म्हणाला, "दादा, दोनय सारखीच दिसतत मरे."

शेवटी कंटाळून दोन्ही नावांची लांबी छापली. माझं १२, भावाचं १३. तेव्हा कळलं. हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे तेच अदृश्य अक्षर, जे जोडणीचं रूप ठरवतं. दिसायला दोन्ही एकच. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एकच रूप देणारी युनिकोडची पद्धत) लावून बघितलं, त्याने ऱ आणि नुक्ता (खालचं टिंब) दिलेला र एक होतात, पण हे दोन नाहीत. मग टोकनायझरच्या आधीच एक ओळ घातली, र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करायचं. एक ओळ! प्रोग्राम चालला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी भावाला तेव्हाच फोन केला.

एररमध्ये नुसतं अक्षर छापू नका, त्याचा कोड क्रमांकही छापा, हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आणि अनोळखी अक्षर कधीही आधी ओळखल्याशिवाय आत घेऊ नका.

हो, ही बदली केली की त्या ओळीत एररची जागा एका अक्षराने सरकते, तर मूळ ओळ वेगळी ठेवा. आणि टेस्टमध्ये 'दर्या' आणि 'दऱ्या' ही दोन नावं नक्की घाला, समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या, ती वेगळीच राहिली पाहिजेत. माझ्याकडे राहतात, पाचही टॉय लँग्वेजमध्ये.